खडपावरून गरवायला रॉड बांधताय? ब्लँक आधी नीट निवडा

रॉड बांधायला घेतला की पहिला मोह गाइड (लाइन ज्यांतून जाते त्या कड्या), रंगीत धागे आणि रील सीटचा (रील बसते त्या जागेचा) होतो. पण धागा कापून गाइड पुन्हा बसवता येतो, मूठ सोलून नवी चढवता येते. ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ कोरी नळी, चुकला तर मात्र त्यावरची सगळी मेहनत आणि इपॉक्सी वाया जाते. इथे उदाहरण धरलं आहे कोकणच्या खडपांचं, म्हणजे समुद्रकाठच्या कातळांचं: हरिहरेश्वर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, देवगड. मासे म्हणजे जिताडा (गोव्यातला चोणक), तांबोशी, गोब्रा. रील स्पिनिंगचं, ४००० ते ५००० आकाराचं. खाडी, पुळण आणि होडीबद्दल शेवटी थोडं आहे.

लांबीचा विचार नंतर, आधी वजन

बहुतेक जण "नऊ फुटी घेऊ की दहा फुटी" इथून सुरुवात करतात. खरा पहिला प्रश्न असा की किती ग्रॅम फेकणार? आपल्याकडच्या ल्यूर (नकली आमिषं) एकदा तराजूवर ठेवा. खडपावर वापरल्या जाणाऱ्या १४ ते १८ सेंटिमीटरच्या मिनो (माशाच्या आकाराच्या ल्यूर) साधारण २५ ते ४५ ग्रॅमच्या असतात, पॉपर (पाण्याच्या पृष्ठभागावर खेळवायचे) ३० ते ५०, मेटल जिग (धातूचे) ४० ते ६०. म्हणजे रोजचं काम ३० ते ४५ ग्रॅमचं, अधूनमधून ६०.

ब्लँकवर "१५–४५ ग्रॅम" लिहिलेलं असेल तर तो ४५ ग्रॅमला सुखात असतो असं समजू नका. तिथे त्याची हद्द येते. ब्लँक सर्वांत छान चालतो तो दिलेल्या पट्ट्याच्या मधल्या भागात. या उदाहरणात तो भाग २५ ते ३५ ग्रॅमचा. आपल्या कामाला २० ते ६० ग्रॅमचा ब्लँक बसतो. अमेरिकन ब्लँकवर आकडे औंसात असतात. १ औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, तेव्हा "¾ ते २ औंस" म्हणजे साधारण २१ ते ५७ ग्रॅम.

आमिष लावून गरवणाऱ्यांनी शिशाचं आणि आमिषाचं वजन मिळून धरायचं. ६० ग्रॅमचं शिसं आणि ४० ग्रॅमचा बांगड्याचा तुकडा म्हणजे १०० ग्रॅम. ब्लँकला मासळीचं वजन आणि शिशाचं वजन वेगळं कळत नाही.

"मीडियम", "मीडियम हेवी", "हेवी" हे शब्द फार मनावर घेऊ नयेत. त्यांचं कोणतंही सर्वमान्य माप नाही. एका कंपनीचा मीडियम हेवी दुसरीचा हेवी असतो, आणि एकाच कंपनीत गोड्या पाण्याचा हेवी खाऱ्या पाण्याच्या मीडियमएवढा निघू शकतो. ग्रॅम आणि लाइनचे आकडे विचारा. विकणाऱ्याला ते सांगता येत नसतील तर तो ब्लँक सोडून द्या.

ड्रॅगचा हिशेब

वरच्या वजनांना पीई (लाइनच्या जाडीचा आकडा) २ ते ३ ची ब्रेडेड, म्हणजे विणलेली लाइन शोभते. ३० पाउंडची लाइन धरली तर तिची ताकद १३.६ किलो. ड्रॅग (किती ओढीला रील लाइन सोडेल ते) त्याच्या पाव भागावर लावायचा, म्हणजे सुमारे साडेतीन किलो. ब्लँकला हा भार वाकलेल्या अवस्थेत बराच वेळ पेलता आला पाहिजे.

हा भार तुमच्या अंगावरही येतो, तोही वाढून. पुढची मूठ बुडख्यापासून (रॉडच्या मागच्या टोकापासून) ४५ सेंटिमीटरवर आहे आणि वाकलेल्या रॉडचं टोक त्या मुठीपासून आडव्या अंतराने दीड मीटरवर आहे असं धरा. टोकाशी साडेतीन किलो ओढ असेल तर बुडखा पोटाशी किंवा कोपराशी साधारण १२ किलोने रुततो आणि पुढच्या हातावर १५ किलो येतात. टोक दोन मीटरवर गेलं की हेच आकडे साडेपंधरा आणि एकोणीस होतात. लांब रॉड फेकायला सोपा आणि झुंजायला अवघड, हे त्यामागचं गणित. मागची मूठ लांब ठेवली की भार कमी होतो, पण ती फार लांब झाली तर ल्यूर खेळवताना कोपराला अडकते. ४० ते ४५ सेंटिमीटर पुरे.

म्हणून खडपासाठी नऊ फूट. कातळाच्या कडेवरून लाइन वर धरायला आणि लाटेच्या फेसावरून फेकायला ही लांबी पुरते आणि दिवसभर हात दुखत नाही. पाण्यापासून उंच उभं राहायचं असेल किंवा समोर खडक फार पुढे पसरला असेल तर साडेनऊ ते दहा. आठ फुटी रॉडने ओहोटीला उघड्या पडलेल्या कातळावर लाइन घासते, आणि घासलेली ब्रेडेड लाइन तुटायला मासा मोठा असावा लागत नाही.

दोन तुकड्यांचाच ब्लँक घ्या. नऊ फूट म्हणजे २७४ सेंटिमीटर. तो अखंड असेल तर रेल्वेत आणि एसटीत कुठे ठेवणार? दोन तुकडे झाले की १४० सेंटिमीटरची पिशवी सीटखाली जाते, कुरिअरचा खर्चही आवाक्यात येतो. अखंड ब्लँक हलका आणि एकसंध वाकतो हे खरं, पण आताचे चांगले जोड इतके नीट असतात की हा फरक खडपावर जाणवत नाही.

"टन" जास्त म्हणजे ब्लँक चांगला?

२४ टन, ३० टन, ४० टन हे आकडे कार्बन तंतूच्या ताठरपणाचे आहेत, मजबुतीचे नव्हेत. २४ टन म्हणजे सुमारे २३५ गिगापास्कल, ४० टन म्हणजे ३९० च्या आसपास. साध्या ई-ग्लासचा (काचतंतूचा) ताठरपणा ७२ च्या घरात. तंतू जितका ताठ, तितकं कमी कापड गुंडाळून ब्लँकला तोच ताठरपणा मिळतो, म्हणून ब्लँक हलका आणि चपळ होतो. पण त्यामुळेच त्याची भिंत पातळ होते आणि तंतू तुटण्याआधी ताणतो कमी. खडपावर रॉड कातळावर आपटतो, ४० ग्रॅमचं जिग परतताना ब्लँकवर टणकन बसतं. त्या क्षणी काही होत नाही. चार दिवसांनी साध्या फेकीत रॉड मधूनच मोडतो आणि दोष ब्लँकला दिला जातो.

शिवाय "४० टनचा ब्लँक" म्हणजे सगळा ब्लँक त्याच कापडाचा असतो असं नाही. बऱ्याचदा वेगवेगळ्या कापडांचे थर असतात आणि जाहिरातीत सर्वांत मोठा आकडा येतो. कातळावरच्या पहिल्या रॉडला २४ ते ३० टनाचा, थोड्या जाड भिंतीचा ब्लँक घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. पंधरा-वीस ग्रॅम वजन जास्त चालेल.

कार्बन विजेचा वाहक आहे. पावसाच्या तोंडावर गडगडाट ऐकू आला की रॉड आडवा ठेवून खडपावरून उठायचं. गावातल्या विजेच्या तारांखालून जोडलेला रॉड उभा धरून जायचं नाही.

अ‍ॅक्शन: कुठून वाकतो

पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, आणि अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ब्लँक वरच्या तिसऱ्या भागातून वाकतो, मॉडरेट मध्यापर्यंत. पॉपर आणि जिग झटके देऊन खेळवायचे तर फास्ट बरा. मिनो सरळ ओढायची, त्यातही जिताडा उडी मारून डोकं झटकतो, तेव्हा मॉडरेट-फास्ट जास्त उपयोगी. तो झटका गिळतो आणि गळ सुटत नाही. एकाच रॉडवर सगळं करायचं असेल तर मॉडरेट-फास्ट घ्या. एक्स्ट्रा फास्ट ब्लँक दुकानात हलवून पाहताना भुरळ घालतो, फेकताना मात्र नेमकी वेळ साधावी लागते आणि थकलेल्या हाताला ती साधत नाही.

दुकानात हलवलेला कोरा ब्लँक नेहमी जास्त चपळ वाटतो हेही ध्यानात असू द्या. गाइड, धागा आणि इपॉक्सी चढली की तो मंदावतो, सर्वांत जास्त टोकाकडे. टोकाला जड दुहेरी पायाचे गाइड लावले तर फास्टचा मॉडरेट-फास्ट सहज होतो.

हातात आल्यावर काय पाहायचं

काहीही चिकटवण्याआधी ही तपासणी करा. एकदा गोंद लागला की बदलून मिळण्याची आशा सोडायची.

दोन्ही तुकडे जोडा आणि उजेडाकडे धरून एका डोळ्याने लांबीवर नजर टाका. हळूहळू गोल फिरवा. थोडा बाक बहुतेक ब्लँकना असतो, तो चालतो. मध्येच कोन पडल्यासारखा वळलेला ब्लँक परत करा. मग अंगठा आणि दोन बोटांत धरून सबंध लांबीवरून बोटं फिरवा. बाहेरच्या फितीच्या बारीक कडा लागत असतील तर हरकत नाही, काही ब्लँक न घासताच विकतात. पण सपाट जागा, फुगवटा किंवा दाबल्यावर मऊ लागणारी जागा म्हणजे आतल्या थरात पोकळी. ब्लँक नेमका तिथेच मोडणार.

जोड बसवून रॉड हलवा. टकटक आवाज आला किंवा हाताला सांध्यात खेळ जाणवला तर जोड सैल आहे. वरचा तुकडा खालच्यावर चढणारा असेल तर एकमेकांवर चढलेली लांबी तिथल्या व्यासाच्या किमान सहा पट असावी. स्पिगट जोडात (एका तुकड्यातली खुंटी दुसऱ्यात जाते तो) नव्या ब्लँकला दोन तुकड्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट दिसते. ती दोष नव्हे, झीज भरून काढायला ठेवलेली जागा असते. ती घासून मिटवू नका. बाहेरच्या तुकड्याच्या तोंडावर १५ ते २० मिलिमीटर धागा घट्ट गुंडाळणं मात्र तुमचं काम. ते राहिलं तर तोंड उभं चिरतं.

आता भार. बुडख्याकडचे ४५ सेंटिमीटर टेबलावर दोन गादीदार टेकूंवर बांधा. शिकंजात आवळू नका, नळी चेपते. उरलेला ब्लँक आडवा राहू द्या. टोकाला मास्किंग टेपने दोऱ्याचा फास करून पिशवी अडकवा आणि मोजून पाणी ओता, १ मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम. ब्लँकच्या लांबीच्या एक तृतीयांश, म्हणजे नऊ फुटीला ९१ सेंटिमीटर, टोक खाली यायला किती ग्रॅम लागले ते लिहा. हीच त्याची पॉवर. त्या क्षणी टोकाने आडव्या रेषेशी केलेला कोनही मोजा. ही पद्धत अमेरिकेतल्या विल्यम हॅनमन यांची, ते पाण्याऐवजी अडीच ग्रॅमची सेंटची नाणी वापरत. कोन ६६ अंशांच्या वर असेल तर फास्ट, ५९ च्या खाली स्लो, आणि मॉडरेट व मॉडरेट-फास्ट या दोन्हींच्या मध्ये. पुढच्या वेळी दुसरा ब्लँक घेताना लेबलापेक्षा तुमच्या वहीतला हा आकडा जास्त कामाचा.

शेवटी बुडखा ४५ अंशांवर धरून साडेतीन किलो टांगा. डोळ्यांना चष्मा हवा. वाक सलग, गुळगुळीत असावा. मध्ये ताठ पट्टा दिसला किंवा करकर ऐकू आली तर ब्लँक परत.

स्पाइनवरून, म्हणजे ब्लँकच्या जास्त ताठ बाजूवरून, रॉड बांधणाऱ्यांत दोन तट आहेत: गाइड स्पाइन पाहून बसवायचे की ब्लँकचा सरळपणा पाहून. आमचा कल सरळपणाकडे: स्पिनिंग रॉडला नैसर्गिक बाक टोक वर जाईल असा ठेवायचा आणि गाइड खालून बसवायचे, म्हणजे गाइडच्या वजनाने तो सरळ होतो.

व्यास विचारल्याशिवाय बाकीचं सामान मागवू नका

टिप-टॉपच्या (टोकावरच्या गाइडच्या) नळीचा आकडा अमेरिकन पद्धतीत इंचाच्या ६४व्या भागात असतो. आकड्याला ०.३९७ ने गुणलं की मिलिमीटर मिळतात. टोक २.० मिलिमीटरचं असेल तर ५ नंबर (१.९८) बसणार नाही, ५.५ (२.१८) बसेल. घट्ट नळी बसवायला टोक घासू नका. बाहेरचे तंतूच टोकाला जपतात.

कंपनी देते तो बुडख्याचा व्यास अगदी शेवटचा असतो. रील सीट जिथे येणार तिथला व्यास व्हर्नियरने मोजा. १६ मिलिमीटरचा बुडखा ४५ सेंटिमीटरवर १४.५ भरू शकतो. सीट आणि ब्लँकमधली फट मास्किंग टेपने भरण्याची सवय वाईट. टेप खारं पाणी शोषतो, कुजतो आणि सीट फिरायला लागते. काचतंतूची जाळीदार पट्टी किंवा फोमचा आर्बर (फट भरायची कडी) वापरा आणि फट इपॉक्सीने पूर्ण भरा. नऊ फुटी स्पिनिंग रॉडला ८ ते ९ गाइड आणि टिप-टॉप लागतात. गाइडच्या पायाची धार कानशीने मोडा, नाहीतर ती धाग्याखाली ब्लँक कापत राहते.

कापाकापीची वेळ आलीच तर: टोकाकडून दोन-तीन इंच कापले तर पॉवर वाढते आणि अ‍ॅक्शन मंदावते. बुडख्याकडून कापल्यास टोकाची पॉवर फारशी बदलत नाही, लांबी आणि तोल बदलतो. कापायच्या जागी टेप गुंडाळा, बारीक दात्यांची करवत किंवा डायमंड चकती घ्या, पाणी शिंपडत कापा आणि तोंडावर मास्क ठेवा. कार्बनची धूळ फुप्फुसात आणि कातडीत दोन्हीकडे रुतते.

इतर जागा

खाडीत तिवरांच्या कडेने किंवा कयाकवरून सात फूट, १० ते ३० ग्रॅम, फास्ट. तांबोशीला मुळांत घुसू द्यायचं नाही, म्हणून बुडखा दणकट हवा. पुळणीवर शिशाने गरवायला साडेअकरा ते तेरा फूट, ८० ते १५० ग्रॅम, मॉडरेट-फास्ट. तिथे शॉक लीडर (फेकीचा झटका सोसायला पुढे बांधलेली जाड लाइन) विसरू नका, शिशाच्या दर औंसाला १० पाउंड. होडीवरून जिगिंगला (जिग वर-खाली खेळवायला) साडेपाच ते साडेसहा फूट. ट्रोलिंगला (चालत्या होडीमागे ल्यूर ओढायला) मात्र ग्लास किंवा ग्लास-कार्बन मिश्र ब्लँकच बरा. सुरमईचा पहिला झटका तो सोसतो आणि होडीच्या काठावर आपटला तरी तक्रार करत नाही.

आणि खडपावर मासा रॉडनेच उचलून वर घेऊ नका. रॉड सरळ उभा धरून वर ओढला की सगळा भार टोकाकडच्या बारीक भागावर येतो. लांब दांड्याचा गॅफ (मासा वर घ्यायचा आकडा) किंवा जाळी सोबत न्या.