जुनी गाडी ऑइल खातेय? इंजिन खोलायच्या आधी हे तपासून बघा

जुन्या गाडीचं ऑइल कमी व्हायला लागलं की बहुतेक वेळा पहिलं कानावर येतं ते "रिंगा (पिस्टनभोवतीच्या कड्या) गेल्या, इंजिन काम काढावं लागेल". कधीकधी ते खरंही असतं. पण ऑइल जायचे रस्ते मोजकेच आहेत, एकतर ते बाहेर गळतंय, नाहीतर सिलिंडरमध्ये शिरून जळतंय, नाहीतर क्वचित कूलंटमध्ये मिसळतंय, आणि यातलं नेमकं काय चाललंय हे ठरवायला इंजिन खोलायची गरज नसते. क्रमाने गेलात तर बरेचदा एखाद्या पॅकिंगवर नाहीतर छोट्याशा व्हॉल्व्हवर काम भागतं.

सगळ्यात आधी मोजा, अंदाजावर जाऊ नका. गाडी सपाट जागेवर उभी करा, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात उतरतं, मग डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून परत पूर्ण आत घालून बघा. मॅन्युअलमध्ये थंड इंजिनवर बघा असं लिहिलं असेल तर तसं बघा, फक्त दर वेळी पद्धत तीच ठेवा. वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटर लिहून ठेवा, १००० किमी झाले की त्याच जागी परत बघा आणि पुन्हा खुणेपर्यंत यायला किती लागलं ते मापाने घाला. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण १ लिटर ऑइल बसतं. जुन्या इंजिनात १००० किमीला पाव लिटर गेलं तर मी मनावर घेणार नाही, अर्ध्या लिटरच्या वर गेलं की मात्र शोध सुरू करायचा. आणि खुणेच्या वर भरू नका हो, क्रँक (इंजिनचा तळाचा फिरणारा दांडा) ते ऑइल घुसळते, फेस होतो आणि तो ब्रीदरमधून (आतला गॅस बाहेर जायची वाट) इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या वाटेत ओढला जातो, म्हणजे जास्त भरल्यामुळेच गाडी ऑइल खायला लागते.

एक फसवी गोष्ट इथेच सांगून ठेवतो. गाडी रोज जेमतेम दोन-तीन किलोमीटर चालत असेल तर थोडं पेट्रोल ऑइलमध्ये उतरत राहतं आणि लेव्हल कमी झालेली दिसतच नाही, मग एक लांबचा प्रवास झाला की ते पेट्रोल उडून जातं आणि लेव्हल एकदम खाली. लोकांना वाटतं हायवेवर काहीतरी बिघडलं, पण ऑइल आधीपासूनच जात होतं. त्यामुळे मोजताना थोडं लांबचं चालणंही होऊ द्या.

आता गळती. जमिनीवर डाग नाही म्हणजे गळती नाही असं समजू नका, एक्झॉस्टवर पडलेलं ऑइल तिथल्या तिथे जळून जातं, फक्त वास येतो. इंजिन डिग्रीझरने स्वच्छ धुवा, गाडी फिरवून आणा, मग टॉर्च घेऊन बघा. ऑइल वरून खाली येतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं, म्हणून सगळ्यात ओली जागा बघत बसू नका, सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा, उगम तिथे असतो. बघायच्या जागा म्हणजे टॅपेट कव्हरचं (इंजिनचं सगळ्यात वरचं झाकण) पॅकिंग, ऑइल फिल्टरची बैठक, ऑइल प्रेशर स्विच, ड्रेन प्लग, पुढचं क्रँक सील, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब येत असेल तर मागचं क्रँक सील. बऱ्याचदा चेंबरचं पॅकिंग बदलून घेतात आणि गळती असते वर टॅपेट कव्हरला.

गळती नाही सापडली तर पुढे थेट रिंगांवर उडी मारू नका, आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. हा छोटासा भाग इंजिनच्या पोटातला गॅस परत इनटेकमध्ये नेतो. तो चोंदला की आत प्रेशर वाढतं आणि ऑइल सीलांमधून बाहेर ढकललं जातं, उघडा अडकला तर इनटेक ऑइल ओढून घेतं. साधा व्हॉल्व्ह असेल तर काढून हलवा, खडखड वाजला पाहिजे. मग इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायच्या तोंडावर एक जाड कागद धरा. हलका ओढला गेला तर ठीक, जोरात चिकटला आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पीसीव्हीचा आतला पडदा फाटलेला असू शकतो, आणि कागद उडत असेल तर एकतर ब्रीदरची वाट बंद आहे नाहीतर रिंगांमधून गॅस खाली येतोय. वाट साफ करून परत बघा, तरी उडत असेल तर संशय रिंगांवर.

धुराचा रंग सगळे बघतात, पण धूर कधी येतो ते त्याहून महत्त्वाचं. निळसर धूर म्हणजे ऑइल. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्टर मारल्यावर एक निळा लोट आला आणि थोड्या वेळात साफ झाला तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारं रबरी सील. लांब उतारावर गिअरमध्ये एक्सलेटर सोडून आलात आणि खाली परत रेस दिल्यावर मागे निळा ढग दिसला तरी सील किंवा गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी), कारण एक्सलेटर बंद असताना इनटेकमध्ये ओढ जास्त असते आणि घासलेल्या गाईडमधून ऑइल आत ओढलं जातं. चढावर, लोडवर सतत निळा धूर येत असेल तर रिंगा. पण सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडा धूर जिरवतो, म्हणून धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही असं नाही.

पेट्रोल गाडी असेल तर मग स्पार्क प्लग काढून बघा, काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा ते नंबर टाकून ठेवा. टोक काळं ओलं असेल तर ऑइल आत जळतंय, टोक कोरडं पण वर प्लगच्या विहिरीत ऑइल साचलंय तर ते टॅपेट कव्हरच्या सीलमधून आलंय. एकच प्लग खराब असेल तर दोष त्या एका सिलिंडरपुरता.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर फिरवायचा आणि प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते बघायचं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, एक्सलेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी चार्ज. आकडे लिहा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये एक छोटा चमचा ऑइल घालून परत घ्या (हे फक्त पेट्रोल इंजिनला, डिझेलमध्ये इंधन जळायची जागा फार लहान असते, ऑइल घालू नका). आकडा चांगलाच वाढला तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासलेली, नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे बघा.

आणि इथेच बरेच जण चुकतात. कॉम्प्रेशन छान आलं की रिंगा चांगल्या असं धरून चालतात. कॉम्प्रेशन धरतात वरच्या रिंगा, ऑइल खरवडून खाली नेते ती खालची ऑइल रिंग, आणि ऑइल वेळेवर न बदलल्याने तिच्या खाचेत कार्बन बसून ती अडकली तर कॉम्प्रेशन उत्तम असूनही गाडी ऑइल खात राहते. धूर फारसा नाही, गळती नाही, पीसीव्ही ठीक, कॉम्प्रेशन ठीक, तरी ऑइल जातंय, तर मी आधी याच रिंगेवर संशय घेईन. अशा वेळी इंजिन खोलायच्या आधी चांगलं डिटर्जंट असलेलं, योग्य ग्रेडचं ऑइल घालून दोन-तीन वेळा निम्म्या अंतराने बदलून बघा, कधी रिंगा सुटतात, नेहमी नाही. व्हॉल्व्ह सील तर बऱ्याच इंजिनांत हेड न काढताही बदलता येतात, सिलिंडरमध्ये हवेचं प्रेशर देऊन व्हॉल्व्ह वर धरतात.

टर्बो असेल तर इंटरकूलरचा (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) पाइप काढून बघा, आत हलका ओलसरपणा चालतो, ऑइलचं डबकं चालत नाही. डिझेल टर्बोत हे टाळू नका, जास्त ऑइल ओढलं गेलं तर इंजिन त्यावरच पळायला लागतं आणि चावीने बंद होत नाही.

कारण सापडेपर्यंत दर ५०० किमीला डिपस्टिक बघा आणि त्याच ग्रेडचा एक कॅन गाडीत ठेवा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका, तो लेव्हलचा नाही, प्रेशरचा आहे, तो लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. लागलाच तर गाडी बाजूला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करा, गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका.