सांडलेलं आम्ल शोषक शीटने कसं उचलावं

स्टोअरमध्ये ३३ टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा ५ लिटरचा कॅन कोब्यावर आडवा होतो. कोणीतरी सांडलेलं आवरायच्या खोक्यातल्या पांढऱ्या शीट भराभर टाकतो आणि आम्ल त्यांच्याखालून सरळ गटारीकडे निघतं. पांढरी शीट तेलासाठी असते. तिचे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू डिझेल पितात, पाण्याला जवळ करत नाहीत; आणि या आम्लात दोन-तृतीयांश पाणीच आहे.

इथे पिवळी किंवा गुलाबी शीट लागते. तीही बहुधा पॉलिप्रॉपिलीनचीच, पण तंतूंना पाणी धरणारी प्रक्रिया केलेली. रंग हा बाजारातला रिवाज आहे, नियम नाही. म्हणून खोक्यासोबतचा रसायनांचा तक्ता आधीच वाचून ठेवा.

डायपरमध्ये असते ती पूड, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, इथे फुकट जाते. शुद्ध पाणी ती वजनाच्या शेकडो पट पिते, कारण साखळीवरचे ऋणभार एकमेकांना ढकलून जाळं फुगवतात. तीव्र आम्ल हे भार पुसून टाकतं, मग जाळं फुगतच नाही. मिठानेही फुगवटा उतरतो: भिजलेल्या डायपरमधला गोळा ग्लासात घेऊन चमचाभर मीठ ढवळा, थोड्या वेळात पाणी सुटलेलं दिसेल.

आता प्रत्यक्ष काम. माणसं बाजूला करा, दारं-खिडक्या उघडा. रसायनासोबत येणाऱ्या सुरक्षा माहितीपत्रकाचा (SDS) सहावा भाग सांडल्यावर काय करायचं ते सांगतो, आठवा भाग काय घालायचं ते. या आम्लासाठी नायट्राइल किंवा निओप्रीनचे जाड हातमोजे, बंद गॉगल, रबरी गमबूट आणि आम्लवायूचा कार्ट्रिज लावलेला मास्क. एवढं हाताशी नसेल किंवा वाफ डोळ्यांत झोंबत असेल, तर बाहेर पडा आणि १०१ लावा.

कॅन उभा करा. मग आधी गटारीच्या जाळीपुढे रसायनांचा सॉक, म्हणजे शोषक भरलेली लांब कापडी नळी, आडवा घाला. शीट त्यानंतर, आणि त्याही कडेकडून मध्याकडे. मध्यात टाकलेली शीट द्रव बाहेर ढकलते, डाग पसरतो. ४० बाय ५० सेंटीमीटरची जाड शीट साधारण पाऊण ते एक लिटर घेते. खोक्यावरचा आकडा ती पूर्ण बुडवून मोजलेला असतो, म्हणून ५ लिटरला दहा शीट धरा. वरून दाबू नका, पायाने तर नाहीच. एक-दोन मिनिटं थांबा, प्लॅस्टिकच्या सुपलीने खालून उचला. पत्र्याची सुपली आणि पत्र्याचा डबा दोन्ही आम्ल खातं.

कोब्यावर ओल राहतेच. तिच्यावर कडेपासून खायचा सोडा भुरभुरा. फेस थांबला आणि पीएच कागद ६ ते ९ दाखवू लागला की ओला चिखल गोळा करा. हा चिखल आणि शीट एकाच प्लॅस्टिक ड्रममध्ये टाकल्या, तर झाकण लगेच घट्ट लावू नका. कार्बन डायऑक्साइडने ड्रम फुगतो.

शीट द्रव धरून ठेवते, त्याचं विष काढत नाही. टोल्युइन किंवा थिनर प्यालेली शीट तितकीच पेट घेते, त्यामुळे तिथे दिव्याचं बटण दाबायचं नाही, ना चालू ना बंद. तीव्र नायट्रिक आम्लावर भुसा, चिंध्या किंवा कॉटन वेस्ट टाकलं तर तपकिरी धूर निघतो, आगही लागू शकते. तिथे कोरडी वाळू. हायड्रोफ्लोरिक आम्लावर मात्र वाळूही नको, तिच्यातल्या सिलिकापासून विषारी वायू होतो. त्याचं काम प्रशिक्षित माणसांवरच सोडा.

वापरलेल्या शीट धुऊन वाळवायच्या नाहीत, घंटागाडीत द्यायच्या नाहीत. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत दूषित चिंध्या आणि पुसण्याचं साहित्य ३३.२ या नोंदीखाली येतं. ड्रमवर रसायनाचं नाव आणि तारीख लिहा. साठवणीची मुदत ९० दिवसांची, तेवढ्यात तो अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे गेला पाहिजे. आणि वापरलेल्यांच्या जागी नव्या दहा शीट, नवा सॉक आणि सोडा त्याच दिवशी खोक्यात भरा.