कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्यात शेवाळ धरू नये म्हणून

रोज पाणी बदलूनही भांडं हिरवं होत असेल, तर बहुतेक वेळा पाणी बदललं जातं पण भांडं घासलं जात नाही. कुत्र्याची लाळ आणि तोंडाला चिकटलेले अन्नकण यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. पाणी ओतून तो जात नाही, आणि भांडं उन्हात असलं की शेवाळ त्यालाच धरून वाढतं. हिरवा रंग दिसायची वाट पाहू नका. आतून बोट फिरवा, निसरडं लागलं की घासायची वेळ झाली.

रोज सकाळी उरलेलं पाणी झाडांना घाला. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब घेऊन मऊ घासणीने भांडं घासा. तळाचा कोपरा आणि काठाची आत वळलेली कड नीट घासा, थर तिथेच दडतो. तारेची घासणी वापरू नका, तिच्या ओरखड्यांत घाण बसते. साबणाचा वास जाईपर्यंत खळखळून धुवा.

आठवड्यातून एकदा, घासून झाल्यावर, 1 लिटर थंड पाण्यात 10 मिली साधं बिनवासाचं ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट 4 ते 5 टक्के) मिसळून भांडं त्यात 10 मिनिटं बुडवा. आधी घासायचं, कारण मळ राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. मग तीन-चार पाण्यांनी धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. दोन भांडी असली तर एक वाळत असताना दुसरं वापरता येतं.

बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार बसले असतील, तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास ठेवा. हे मात्र वेगळ्या दिवशी. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

भांडं स्टीलचंच घ्या. प्लॅस्टिकवर लवकर ओरखडे पडतात. तसं झालेलं भांडं टाकून द्या. मातीच्या भांड्यात पाणी गार राहतं, पण माती साबण शोषते, म्हणून ते फक्त काथ्याने घासून, उकळतं पाणी ओतून वाळवा.

अंगणात भांडं सावलीत ठेवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे इथेही नुसतं ओतून भागत नाही. पावसाळ्यात रात्री भांडं घरात घ्या; उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही.

शेततळ्यात शेवाळ मारायला घालतात तसं मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) पिण्याच्या पाण्यात कधीही घालू नका. तांब्याने यकृताला इजा होते. तुरटीने गाळ खाली बसतो, शेवाळ मरत नाही.

कुत्र्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला सव्वा लिटरपर्यंत. त्याच्यासाठी बादली भरून ठेवण्यापेक्षा लिटरभराचं भांडं दिवसातून दोनदा भरा.