घडी पडलेल्या दगडाचं वय नकाशावरून कसं काढायचं

मनसर-रामटेकच्या टेकड्यांवर पोट्टे येतात अन् पहिलं हेच विचारतात, "सर, हा दगड किती जुना?" कोणतं वय पाहिजे, ते आधी ठरवा. गाळ साचला कधी हे एक, अन् त्याला घडी पडली कधी हे दुसरं. नकाशा क्रम लावून देतो, वर्षांचा आकडा प्रयोगशाळेतून येतो.

सागाची पानं गळाली की निघा. जंगलाचा भाग असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. सोबत १:५०,००० ची टोपोशीट (भूभागाचा सरकारी नकाशा) अन् क्लिनोमीटर (कोन मोजायचं, कंपास असलेलं यंत्र) ठेवा. उघड्या दगडापाशी थराची दिशा म्हणजे स्ट्राइक, अन् कलण्याची बाजू व कोन म्हणजे डिप, दोन्ही तिथंच शीटवर उतरवा. घरी येऊन आठवत बसू नका. कंपास वाचताना हातोडा अन् मोटरसायकल दूर ठेवा, सुई फिरते. काळ्या जमिनीत दगड दिसत नाही, तिथं विहिरीचा मलबा पाहा. शेतकरी दादांना विचारलं की किती फुटांवर काय लागलं ते बरोबर सांगतात. अंदाजानं काढलेली रेघ मात्र तुटकच ठेवा.

आता एक ओळखीचा थर धरून चाला. आपल्याकडे मँगनीजचा पट्टा त्यासाठी उत्तम: काळा, हाताला जड, कुठं कुठं त्यात नारिंगी गार्नेटचे दाणे. तो एका बाजूनं जाऊन वळतो अन् दुसऱ्या बाजूनं परत येतो. वळला तिथं घडीचं नाक. घडी वर फुगलेली असेल तर झिजल्यावर मधोमध जुना दगड उघडा पडतो, खाली बसलेली असेल तर मधोमध नवा.

पण हे थर सरळ असतील तरच. सौसर गट म्हणतात त्या इथल्या जुन्या दगडांत थर पालथेही झालेत. भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी तर १९३६ मध्ये देवलापारकडं दगडांची चादरच्या चादर सरकून दुसऱ्यांवर चढल्याचं मांडलं. म्हणून क्वार्टझाइटमध्ये (वाळूचा घट्ट झालेला दगड) तिरप्या रेघा शोधा, अन् त्या नीट जपलेल्या असतील तरच विश्वास ठेवा. रेघा ज्या टोकाला कापल्यासारख्या थांबतात ती थराची मूळ वरची बाजू. खालच्या टोकाला त्या हळूच वाकून टेकतात.

घडीचा काळ दोन बाजूंनी आवळायचा. घडी पडलेला सगळ्यात नवा थर घडीच्या आधीचा. तिला आडवी, न वाकता कापणारी पेग्मटाइटची (मोठ्या स्फटिकांच्या दगडाची) शीर नंतरची. शीरही थरासोबत वाकली असेल तर ती घडी पूर्ण व्हायच्या आधीची. विदर्भात अशा जुन्या खडकांवर सपाट बसलेला दख्खनचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा आहे, म्हणजे घडी त्याहून जुनी. पण ही हद्द फारच सैल. म्हणून न वाकलेल्या शिरेचा ताजा तुकडा घ्या, जागा शीटवर नोंदवा अन् त्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक दाण्यांवर युरेनियम-शिशाची (युरेनियमचं किती शिसं झालं ते मोजणारी) चाचणी प्रयोगशाळेत करून घ्या. जे वर्ष येईल ते शिरेचं. घडी त्याच्या आधीची, किती आधीची ते वाकलेल्या शिरेची चाचणी केल्यावर कळेल.