झाझेन: डोळे उघडे ठेवून श्वास मोजा

डोकं तापवून ऑफिसातून घरी आलात की मोबाइल हातात घेण्याआधी दहा मिनिटं झाझेन करून बघा. ही जपानच्या झेन या बौद्ध परंपरेतली ध्यानाची बैठक. तेराव्या शतकात दोगेन या जपानी भिक्खूंनी झेनच्या सोतो पंथात तिला मध्यवर्ती स्थान दिलं.

भिंतीकडे तोंड करून मांडी घाला. बुडाखाली जाड उशी किंवा चादरीची घडी घ्या, म्हणजे गुडघे खाली टेकतात आणि पाठ ताठ राहते. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्चीवर बसा, त्यात काही कमीपणा नाही. डोळे मात्र मिटायचे नाहीत. अर्धवट उघडे ठेवून नजर समोर खाली सोडायची. मिटले की एकतर पेंग येते, नाहीतर साहेबांशी मनातल्या मनात भांडण सुरू होतं!

डावा तळवा उजव्यावर ठेवून अंगठ्यांची टोकं हलकेच टेकवा. अंगठे ढिले पडले तर झोप येतेय, एकमेकांवर दाबले गेले तर अंगात ताण आहे, एवढं त्यावरून कळतं.

श्वास मुद्दाम खोल घेऊ नका. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, एक ते दहा. मध्येच वीजबिल आठवलं, तर न चडफडता पुन्हा एकपासून. सुरुवातीला तीन-चारच्या पुढे गाडी जात नाही, तरी चालतं. दहा गाठायची शर्यत लावलीत तर तो नवाच ताप.

उठताना घाई नको, पायाला मुंग्या आलेल्या असतात. आणि झोपच उडाली असेल, सतत धास्ती वाटत असेल तर आधी डॉक्टरांना भेटा.