झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप झोपला असं नाही

रात्री ८० टक्के बॅटरी असताना झाकण मिटलं आणि सकाळी बॅगेतून काढला तर लॅपटॉप गरम, चार्ज निम्म्यावर. माझ्याबाबतीत हे दोनदा झालं, तेव्हा कुठे कारण शोधलं.

बऱ्याच नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये 'स्लीप' मोबाइलसारखी चालते. स्क्रीन बंद असते, पण मेल, अपडेट, वायफाय आतून सुरू राहू शकतं. जुन्या पद्धतीच्या स्लीपमध्येही रॅमला, म्हणजे उघडं काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीला, थोडी वीज लागतेच. 'हायबरनेट'मध्ये मात्र उघडं काम डिस्कवर लिहून मशीन जवळपास पूर्ण बंद होतं.

हा पर्याय बहुधा लपलेला असतो. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडच्या 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'वर जा, वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ दाबा आणि खाली हायबरनेटवर टिक करा. तिथेच झाकण मिटल्यावर काय व्हावं तेही ठरवता येतं. 'ऑन बॅटरी'च्या रकान्यात मी हायबरनेटच ठेवलंय. चहाला उठताना स्लीप पुरे. बॅगेत घालायचा असेल तर हायबरनेटच करा, कारण बंद बॅगेत उष्णता कोंडते आणि लिथियम-आयन बॅटरीला ती फार बाधते.

एखाद्या रात्री बॅटरी शून्यावर गेली तर घाबरू नका, ती खरोखर पूर्ण रिकामी होण्याआधीच आतलं संरक्षक सर्किट वीज तोडतं. पण तशीच रिकामी आठवडेच्या आठवडे ठेवू नका. गावी जाताना साधारण ५० टक्क्यांवर आणून शटडाउन करा.