जुन्या गाडीत नवी वायपर मोटर बसवताना

जळगाव-भुसावळच्या उन्हात आणि धुळीत पद्मिनी किंवा अँबॅसेडरचे वायपर आठ-आठ महिने हलतच नाहीत. स्पिंडलमधलं (वायपरचा हात ज्यावर फिरतो त्या दांड्यातलं) ग्रीस वाळून दगड होतं आणि पहिल्या पावसात मोटर जळते. म्हणून नवी मोटर लावण्याआधी लिंकेज (मोटर आणि वायपर जोडणाऱ्या पट्ट्या) सुटं करून हातानं फिरवा. अडत असेल तर रॉकेलनं धुऊन लिथियम ग्रीस भरा, नाहीतर नवीही जळेल.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. मोटर बसवताना रबरी बुश विसरू नका. पण रबरामुळे बॉडीतून अर्थ (निगेटिव्हशी जोडणी) मिळत नाही, त्यामुळे अर्थची वायर रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर वेगळी कसा.

दोन स्पीडच्या मोटरला बहुधा पाच वायरी असतात: अर्थ, स्लो, फास्ट, पार्कचा करंट आणि पार्कची परत येणारी. पार्क म्हणजे स्विच बंद केल्यावर ब्लेड खाली येऊन थांबतात ती जागा. रंगांवर भरवसा ठेवू नका, मल्टिमीटरनं तपासा. स्विच बंद असतानाच स्लो आणि परतीची वायर एकमेकींना जोडली गेली पाहिजे. चालू असतानाही जोडलेली राहिली, तर पार्कच्या जागेवर थेट अर्थ मिळून फ्यूज उडतो. पार्कचा करंट स्विचमधून घेतलात तर ब्लेड काचेच्या मधोमध थांबतात. तो इग्निशननंतरच्या फ्यूजमधून थेट द्या.

क्रँक (मोटरच्या दांड्यावरचा, लिंकेज फिरवणारा हात) शेवटी लावा. आधी मोकळी मोटर चालवून बंद करा, ती पार्कला थांबली की ब्लेड खाली ठेवून नट आवळा. चाचणी ओल्या काचेवरच घ्या.